मानेवरची पांढरी पट्टी

बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या हिवाळ्यात मी कोल्हारला राहून एका साखर कारखान्यात कारकुनी करत होतो. लग्न नवं होतं. लोक बायकोला सिनेमाला नेत, मी हिला माळावर नेत असे, भोवत्या बघायला. भोवत्या म्हणजे गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारा सडपातळ शिकारी पक्षी. थंडीत हे पाहुणे उत्तरेकडून येतात आणि दिवस मावळताना गवतातच मुक्कामाला उतरतात. नर ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. पण दोन जातींच्या माद्या सारख्याच तपकिरी, शेपटीच्या बुडाशी सारख्याच पांढऱ्या. भल्याभल्यांची तिथं भंबेरी उडते.

माझी उडत नाही, असा माझा समज होता.

एका रविवारी पुण्याहून दोघे जाणते पक्षीनिरीक्षक आले. आमच्या माळावर यातली एकच जात येते, असं मी त्यांना ऐटीत सांगत होतो. दुर्बीण हिच्याकडे होती.

"अहो, ही दुसरी हाय," ही म्हणाली. "हिच्या मानंला पांढरी पट्टी हाय. मगाचीला नव्हती."

रोज सुपात ज्वारी निवडणारी नजर ती. वेगळा दाणा तिला शोधावा लागत नसे.

पाहुण्यांसमोर माझा पारा चढला. "तू भाकरीचं बघ," मी म्हणालो. पाहुणे हसले, मीही हसलो. तिनं दुर्बीण गळ्यातून काढून माझ्या हातात दिली आणि परतताना चार पावलं मागून चालत राहिली.

पुढच्या रविवारी ती पाय दुखतोय म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारी मी विचारलंच नाही. त्या संध्याकाळी वीस पावलांवरच्या ढेकळावर एक मादी येऊन बसली. मानेवर पट्टी, लख्ख पांढरी. दुसऱ्या जातीची खूण तीच, हे पुस्तकात होतं आणि मी ते वाचलेलंही होतं. पाहुणे आले त्या दिवशीची वहीतली नोंद खोडून मी बरोबर नाव लिहिलं. घरी आलो, तिच्या हातचा चहा प्यालो आणि गप्प बसलो. बायकोपुढे चूक कबूल केली तर जीव जाईल, असं वाटायचं वय होतं ते. पुढे वाटू लागलं, आता सांगून काय उपयोग?

तीसेक वर्षं मी एकटाच माळावर गेलो. पक्षी पुष्कळ दिसले. शेजारी मात्र कुणी नव्हतं, आणि ते माणूस मीच माझ्या हातानं घालवलं होतं. निवृत्तीनंतर एकदा धीर करून म्हणालो, "त्या दिवशी तुझंच बरोबर होतं."

ती शेंगा फोडत होती.

"ठावं हाय मला. तुमी वहीत खोडलेलं मी दुसऱ्याच दिशी वाचलं. मंग लई रविवार मी लुगडं बदलून तयार हुते. म्हनलं, आता हाक मारतील. तुमी डबा उचलायचा आन निघून जायचा."