सडेफटिंगांचा कप्तान येर्को

मी लग्नवाल्यांचा गोलकीपर, त्यामुळे येर्कोचं कौतुक करायची मला हौस नाही. क्रोएशियातल्या आमच्या बेटावर वर्षाच्या शेवटच्या दिवशी फुटबॉलचा सामना होतो, लग्नवाले विरुद्ध सडेफटिंग. हरणाऱ्यांनी अख्ख्या गावाला सार्डिन मासे भाजून घालायचे. मी वर्षानुवर्षं सार्डिनच भाजतोय, कारण हा येर्को लग्न करत नव्हता!

मिडफिल्डर म्हणून लेकाला तोड नव्हती. त्याच्या पासवर गोल मारणाऱ्याला वाटायचं, आपणच हुशार. स्प्लिट शहरातल्या एका क्लबने त्याला उचललं, मग तो ऑस्ट्रियात खेळला, गुडघा गेला, आणि बापाच्या बोटी रंगवायला परत आला. बेकरीवाली दानिरा तेव्हापासून त्याची वाट बघत होती. दरवर्षी याचं एकच, “एवढी मॅच होऊ दे गं, मग नक्की.”

यंदा तिने भर बेकरीत सुनावलं, “परत सडेफटिंगांत दिसलास ना, तर मी त्याच दिवशीच्या बोटीने रिएका शहरात बहिणीकडे. मग बस बोंबलत!”

येर्को पांढराफटक. एकतीस तारखेला सकाळी गुपचूप लग्न लागलं. साक्षीदार मी आणि माझी बायको. मी ढसाढसा रडलो. आनंद दानिराचा होता, पण थोडा सार्डिनचाही होता, खोटं कशाला बोलू?

दुपारी शिट्टी झाली. मी खुशीत गोलमध्ये उभा. समोर बघतो तर काय, सडेफटिंगांचा पांढरा शर्ट घालून येर्को चेंडू घेऊन माझ्याच अंगावर येतोय! जन्माची सवय, पाय आपसूक तिकडेच गेले. मैदानाच्या काठावर दानिरा नुकतीच आली होती, केसांत सकाळचंच फूल. तिने बघितलं आणि धक्क्याकडे चालू लागली. बोटीचा भोंगा वाजत होता.

“अरे गाढवा!” मी गोल सोडून ओरडलो. “सकाळी लग्न झालंय तुझं!”

येर्कोने अंगावरच्या शर्टाकडे पाहिलं. “अगं आई गं!” म्हणाला, शर्ट भिरकावला, आणि त्या थंडीत उघड्या अंगाने उलटा फिरला. आपल्याच पोरांना चकवत गेला आणि त्यांच्याच जाळ्यात दणकावून गोल मारला. रेफ्री फादर झोर्को हसून हसून शिट्टी वाजवायचंच विसरले. आम्ही वेड्यासारखे नाचलो. येर्को मात्र थांबलाच नाही, तसाच धक्क्यापर्यंत पळत गेला.

“दानिरा, सवय गं... चुकलो!”

“नाचतोस काय उघडा? मरशील थंडीने.” तिने पिशवीतून आम्हा लग्नवाल्यांचा लाल शर्ट काढला. पाठीवर आठ नंबर, तिनेच शिवलेला. त्याने पहिल्यांदा ‘नक्की’ म्हटलं होतं त्या वर्षी, तेव्हाच्या मापाचा.

बोट गेली. शर्ट त्याच्या पोटावरून काही केल्या खाली येईना. दोघं मिळून ओढत होते.