गोवरी न थापणारी म्हाळसा

"भाकरी खायची तर गोवऱ्या थाप," एवढंच द्वारकाबाईचं म्हणणं होतं. आणि तिची सून म्हाळसा गोवऱ्या थापायला तयार नव्हती. अंथुर्णे गावात आमच्या शेजारच्या घरात ही लढाई वर्षभर चालली. मी सुरुवातीला सासूच्या बाजूनं होते, हे कबूल करते.

म्हाळसाचा बाप मेंढ्या घेऊन रानोमाळ फिरायचा. त्याचा कळप एक रात्र आपल्या वावरात बसावा म्हणून बागायतदार धान्य घेऊन विनवण्या करायचे. त्या लेंड्यांवर पीक दोन वर्षं जोमात यायचं. आणि इथं सासरी, धनगराच्याच घरी? दोन गाईंचं सगळं शेण भिंतीला, भिंतीवरनं चुलीत. दुसऱ्यांची रानं पोसणाऱ्यांनी आपलं खत जाळावं, या शहाणपणाला काय म्हणावं! रानाला नुसता युरिया. दीड एकराची माती इतकी आवळली होती की खुरपं वाकायचं.

शेवटी नवरा, बिरदेव, म्हणाला, "वरची माती वीटभट्टीला देऊन टाकू. हितं आता काय पिकत न्हाय."

"एक वरीस द्या," म्हाळसा म्हणाली. "तवर चुलीला एक गोवरी लागायची न्हाय."

कालव्याकडेची वेडी बाभूळ तोडून ती स्वयंपाक करू लागली. हात काट्यांनी सोलवटले. शेण खड्ड्यात, त्यावर उसाचं पाचट. सासूनं पहाटे चोरून भिंतीला थापलेल्या गोवऱ्या हिनं गल्लीदेखत ओल्याच काढून पाटीत भरल्या. द्वारकाबाई तिच्या हातचं जेवेना. म्हातारीला किती छळावं, म्हणून मला म्हाळसाचा रागच आला.

खत रानात पडलं, मुरलं. वर्ष भरलं. पण बिरदेवानं भट्टीवाल्याला आधीच शब्द दिला होता. जेसीबी बांधावर आला, तशी म्हाळसा त्याच्यासमोर फतकल मारून बसली.

"आधी मला उचला, मग माती!"

काठी टेकत द्वारकाबाई आली. आता सुनेच्या झिंज्या धरणार, असं आम्हाला वाटलं. ती वाकली, बोटांनीच माती उकरली. माती भुसभुशीत निघाली, आत गांडुळं वळवळत होती. म्हातारी सुनेशेजारी मांडी घालून बसली.

"बिरदेवा, मशीन माघारी धाड," ती म्हणाली. "आन ध्यानात ठेव, मी मेल्यावर सरणाच्या गोवऱ्या गावातनं मागून आण. आपलं शेण रानाचं हाय."