आठशे पंच्याहत्तर मिलिमीटर

माझे भावोजी दातांच्या कवळ्या बनवतात. तीस वर्षं लोकांच्या हिरड्यांची मापं घेऊन त्यांना सगळं जग मिलिमीटरमध्ये दिसायला लागलंय, म्हणून त्यांच्या मोटरसायकलवाल्या ग्रुपने त्यांचं नाव 'मिलिमीटर' ठेवलंय. गाड्यांच्या बाबतीत ग्रुपात त्यांचा शब्द शेवटचा. हा शेवटच्या शब्दाचा धनी गेली चार वर्षं बसने कामाला जातो, हा विषय मात्र तिथे कुणी काढत नाही.

झालं असं, की चार वर्षांपूर्वी एका इटालियन कंपनीने कुठल्याशा प्रदर्शनात नवी ॲडव्हेंचर बाइक दाखवली. फार मोठी नाही, फार लहान नाही, डांबरावर पळणारी आणि दगडधोंड्यांतूनही जाणारी. भावोजींनी फोटो पाहिला आणि पुढच्याच आठवड्यात स्वतःची चांगली चालती गाडी विकून मोकळे झाले.

"नवी आली की जुनीला कोण विचारतंय?" ते म्हणाले.

"पण नवी येणार कधी?" ताईने विचारलं.

"आली म्हणूनच समज."

ताईने समजून घेतलं आणि त्यांच्या नावाने बसचा पास काढून आणला.

मग कंपनी कधी गाडीचा अर्धा दिवा दाखवायची, कधी कुणीतरी लांबून चाचणीच्या गाडीचा हललेला फोटो काढायचं. दर रविवारी सकाळी पेट्रोल पंपाशेजारी चहा पिता पिता ग्रुप त्या फोटोवर काथ्याकूट करायचा. कुणीही न पाहिलेल्या गाडीच्या पुढच्या शॉकॲब्सॉर्बरवरून दोन चांगल्या मित्रांनी अबोला धरला. भावोजींनी तर कंपनीतून फुटलेल्या एका चित्रावर पट्टी ठेवून माप काढलं आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना लावायच्या ॲल्युमिनियमच्या पेट्या मागवल्या. गाडीचा पत्ता नाही, पेट्या हजर. ताई त्यांत लोकरीचे कपडे ठेवते आणि पेट्या उत्तम आहेत असं मनापासून सांगते.

शेवटी कंपनीने एकदाची सगळी मापं जाहीर केली. ग्रुपात नुसता जल्लोष. भावोजी मात्र दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. ताई कामावर गेली होती. आतल्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर चादरींच्या घड्यांची चळत, आणि त्या चळतीवर हेल्मेट आणि बूट घालून भावोजी बसलेले. दोन्ही पाय अधांतरी.

"हे काय चाललंय?"

"आठशे पंच्याहत्तर," ते हेल्मेटमधून म्हणाले. "सीटची उंची."

भावोजींची उंची पाच फूट तीन इंच.

"बुटांचे पंचवीस मिळतात. वजनाने स्प्रिंग दबते, तिचे तीस धर. तरी साठ कमीच पडतात."

"मग लो सीट लावून घ्या. मिळते ना कंपनीची?"

कुणाची वापरलेली कवळी तोंडात घाला म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. कारणही तसंच होतं. दोन वर्षांपूर्वी ग्रुपातल्या एका औषध दुकानदाराने आपल्या गाडीच्या सीटची उंची कमी करून घेतली, तेव्हा याच गृहस्थांनी सगळ्यांसमोर निकाल दिला होता : "ज्याचे पाय पोचत नाहीत त्याने तीनचाकी सायकल घ्यावी." सगळे खो खो हसले. दुकानदार त्यानंतर फिरकला नाही. वाक्य मात्र राहिलं. नव्याने ग्रुपात येणाऱ्याला ते पहिल्याच चहाला ऐकवलं जातं.

"आता कुठल्या तोंडाने लो सीट मागू?" भावोजी म्हणाले. "आणि नाही मागितली तर पहिल्याच सिग्नलला आडवा होईन. घ्यायलाच नको रे ही गाडी."

मला हसू येत होतं. पण चार वर्षं देव पाण्यात घालून बसलेल्या माणसाचा आवाज एवढा बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. वाईट वाटलं मला. ताईला सांगू नकोस म्हणाले. मी अर्थातच संध्याकाळी ताईला सांगितलं.

गाडी शोरूममध्ये आली त्या सकाळी ग्रुपचे बाकीचे अकराच्या अकरा जण दार उघडायच्या आधीच गुडघ्याला बाशिंग बांधून हजर. आम्ही तिघं नंतर पोचलो. ताई आमची पाच फूट दहा इंच. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने तिला खुर्चीत बसवून भावोजींना शेजारी उभं केलं, तेव्हा कुठे दोघांचे चेहरे जवळजवळ आले.

"मिलिमीटर, पहिला मान तुमचा!" ग्रुपातला विमा एजंट ओरडला.

भावोजींनी गाडीला तीन फेऱ्या मारल्या. वाकून चेन पाहिली, वेल्डिंग पाहिलं, टायरवरची तारीखसुद्धा वाचली. आणखी बघण्यासारखं काही उरलं नाही.

"सर, बसून बघा ना," विक्रेती म्हणाली.

"गाडी हिच्यासाठी घेतोय," भावोजी एकदम म्हणाले आणि ताईकडे बोट दाखवलं. "हिला लो सीट लागेल. आहे का?"

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता चार वर्षांचा हिशेब एका वाक्यात चुकता होणार. या बाईने त्यांना याहून कमी कारणासाठी सोलून काढलेलं मी पाहिलंय.

तिने पर्स माझ्या हातात दिली आणि टांग टाकून गाडीवर बसली. दोन्ही पावलं सपाट जमिनीवर. गुडघेसुद्धा जरासे वाकलेले. अकरा तज्ज्ञ बघत होते, आणि त्यातल्या एकालाही हे समजायला पट्टीची गरज नव्हती.

मग ताईने स्टँडवरच्या गाडीवर बसल्या बसल्या आधी टाचा उचलल्या, नंतर चवडेही उचलले, आणि पाय तसेच हवेत धरले.

"नाही हो पोचत माझे," ती विक्रेतीला म्हणाली. "लो सीटच लावा. आणि पहिली दहा-बारा वर्षं हेच चालवतील. मला भीती वाटते."

कुणी हसलं नाही. विमा एजंटाने घसा खाकरला आणि म्हणाला, "बरोबर आहे वहिनींचं."

भावोजींनी हातातलं हेल्मेट डोक्यात घातलं आणि काच खाली ओढली. भर शोरूममध्ये, उभ्या गाडीपाशी. का, म्हणून कुणीही विचारलं नाही.