गच्ची कुणाची

कोणते देश सूर्याची आणि वाऱ्याची वीज जास्त वापरतात, आणि का, यावर मी अंबाजोगाईत पीएचडी करत होते. लोकांचं उत्पन्न, तेलाचे भाव, शिक्षण, सरकारी धोरण, सगळी कारणं मला तोंडपाठ. एकदा मार्गदर्शक सरांनी सहज विचारलं, "तुमच्या घरी काय आहे?" घरी काहीच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथंच ठरवलं, प्रबंध देईन तो सासरच्या घरावर सोलर बसवूनच.

सासर सिरसाळ्याजवळच्या खेड्यात. अर्ज केला, नवऱ्याला पटवलं, माणसं बोलावली आणि एका दिवसात गच्चीवर पॅनेल चढवली. पंधरा दिवस छान गेले. मग भर चैत्रात वीज निम्म्यावर आली. बसवणारा माणूस फोनवर म्हणाला, "सावली पडत असेल, बघा." सावली कसली, घराजवळ साधी बाभूळ नाही. तणतणत वर गेले.

पॅनेलवर जुनं लुगडं अंथरलेलं आणि त्यावर ओळीनं कुरडया. शेजारी सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, काठी घेऊन कावळे हाकत बसलेल्या.

"आत्या, हे काय केलं?" मी ओरडलेच.

"काय केलं म्हंजी? सारी गच्ची तूच अडवली. कुरडया काय चुलीत घालू?"

"मला विचारायचं तरी!"

"तू इचारलं व्हतं व्हय मला, ते खांब रवायच्या आदी?"

बँकेत, कचेरीत, दुकानात मी दहा ठिकाणी विचारत फिरले होते. लग्न होऊन आल्यापासून त्याच गच्चीवर पापड, सांडगे, कुरडया वाळवून भावकीला पुरवणाऱ्या बाईला तेवढं विचारलं नव्हतं. राग आला तो स्वतःचाच.

सकाळी गोठा पाहिला. उतरते पत्रे, दिवसभर ऊन. नवरा वैतागला, "आता पुन्हा काढायचं? कावून?"

"गच्ची आत्यांची आहे म्हणून," मी म्हणाले. माणसं परत बोलावली. या खेपेला आत्यांना समोर उभं केलं आणि त्यांनी बोट दाखवलं तिथंच पॅनेल बसली.

प्रबंधात मी एक पान वाढवलं: घराच्या छपराचा निर्णय कुणाच्या हातात असतो. सर म्हणाले, "हे मोजणार कसं?"

"अजून माहीत नाही सर. पण हे पान निघणार नाही."

परवा गावी गेले तर आत्या गोठ्याला शिडी लावून ओल्या फडक्यानं पॅनेल पुसत होत्या.

"उतरा आत्या, पडाल!"

"गप गं. लई धूळ बसली हाय. तू तुझं लिही, हितलं मी बगते."