रिकामे तंबू आणि धरलेली जागा

"कॅम्प फुल झालाय सर. गेट बंद करू का?" वॉकीटॉकीवर गेटवरचा सुपरवायझर विचारत होता.

मी तेव्हा कॅम्पच्या मधोमध उभा होतो. उजव्या हाताला तंबू होते, माणसं होती, कुणाचा चहा उकळत होता, कुणी गिटार जुळवत होतं. डाव्या हाताला नुसते तंबू. माणूस एकच. घडीच्या निळ्या खुर्चीत बसलेला, आणि त्या सगळ्या तंबूंभोवती पिवळी नायलॉनची दोरी फिरवलेली.

"फुल म्हणजे कसं?" मी विचारलं.

"जागाच न्हाई सर. सगळीकडं तंबू ठोकून राह्यलेत. एक टेम्पो आलाय बायामाणसांचा. वापस पाठवू का?"

"पाठवू नका. आलोच."

मी सेफ्टी ऑफिसर. जालन्याच्या एमआयडीसीत सळया बनवणाऱ्या एका कारखान्यात सगळी नोकरी काढली. रिटायर झाल्यावर मोठे कार्यक्रम करणारे लोक बोलवायला लागले. आग लागली तर गाडी आत कशी येणार, गर्दी कुठून बाहेर पडणार, वायर कुठून न्यायची, हे बघायचं काम. लोकांना वाटतं आम्ही नुसते शिट्टी घेऊन फिरतो. खरं तर आमचं काम नीट झालं की काहीच घडत नाही. त्यामुळे केलं काय, ते दाखवता येत नाही.

हा संगीताचा मेळा बदनापूरच्या पुढे, एका मोसंबीच्या बागेला लागून असलेल्या मोकळ्या रानात होता. सोयाबीन निघाल्यावर मालकाने ते तसंच ठेवलं होतं. दोन स्टेज. मोठ्यावर पुण्या-मुंबईचे बँड, लहानावर इकडचे गायक आणि गाणी म्हणणारी मंडळं. मुक्कामाला 'ओपन कॅम्पिंग'. म्हणजे जागेला नंबर नाही. तंबू आपला आणायचा, आणि जो आधी येईल त्याने हवी ती जागा घ्यायची.

कागदावर हे सोपं वाटतं. पण एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकणारी आपली माणसं. रुमाल टाकला की सीट आपली, हे बारक्या पोरालाही ठाऊक असतं. तंबू हा फक्त मोठा रुमाल.

गेटवर टेम्पोतून बायका उतरल्या होत्या. पुढे शकुंतलाबाई होत्या. अंगणवाडीत नोकरी करून निवृत्त झालेल्या, डोक्यावर पदर, हातात ढोलकीची पिशवी. त्यांचं भीमगीतं म्हणणारं महिला मंडळ. दुसऱ्या दिवशी सकाळी लहान स्टेजवर त्यांचा कार्यक्रम होता.

"साहेब, आमचं गाणं हाय उद्या," त्या म्हणाल्या. "गाणाऱ्यांना एक खोली दिलीय. पण सोबत ह्या आल्यात, कुणाची सून, कुणाची बहीण. खोलीत मावत न्हाईत. पास हायेत आमच्याकडं. तरी जागा न्हाई म्हणायलेत."

पास खरे होते. मी त्यांना गेटच्या आत, झाडाखाली बसायला सांगितलं आणि केतकी मॅडमना शोधायला निघालो.

केतकी मॅडम म्हणजे आयोजक कंपनीच्या मॅनेजर. पुण्याच्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण कामात पक्क्या. मोठ्या स्टेजमागे दोन फोनवर एकदम बोलत होत्या. मी सांगितलं की कॅम्प फुल नाही, अर्ध्या भागात माणूसच नाही.

"माहितीये सर. एका ग्रुपने पकडून ठेवलाय. त्यांनी पास घेतलेत."

"पण माणसं?"

"येणारेत म्हणे. सर, लेन मोकळ्या आहेत ना?"

लेन म्हणजे तंबूंच्या रांगांमधला रस्ता. रुग्णवाहिका आणि अग्निशमनची गाडी जाईल एवढा रुंद ठेवावा लागतो.

"लेन मोकळ्या आहेत."

"मग कोण कुठे बसलंय ते माझ्यावर सोडा. 'पहिल्याला पहिली जागा' असं आम्हीच छापलंय. आता त्यांना उठवलं तर तेच पोस्टर माझ्या तोंडावर मारतील."

त्यांचं चूक नव्हतं. जागावाटप माझ्या कामात येत नाही, आणि दुसऱ्याच्या कामात हात घालणारा सेफ्टीवाला कुणाला नको असतो.

परत जाताना मी त्या दोरीपाशी थांबलो. खुर्चीतल्या पोराचं नाव सौरभ. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. मला वाटलं होतं पुण्याचा असणार. निघाला जुन्या जालन्यातला. वडिलांचं धान्याचं दुकान. हा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये.

"काका, ऑफिसच्या मित्रांसाठी धरलीय जागा," तो म्हणाला. "ते सारखं विचारायचे, तुमच्या जालन्यात आहे काय? म्हटलं, या एकदा, दाखवतो. तंबूही मीच भाड्याने आणले. पहाटेच येऊन ठोकले."

"कधी येणार ते?"

"निघाले असतील."

"तू काही खाल्लंस?"

"उठलो की कुणीतरी दोरी सरकवतं. मघाशी पाणी भरायला गेल्तो, तेवढ्यात दोघं आत येऊन बसले. भांडण झालं."

मोठ्या स्टेजवरून गाणं ऐकू येत होतं. त्याने मान तिकडे वळवली, मग परत दोरीकडे.

"हा बँड ऐकायलाच मी तिकीट काढलं होतं," तो म्हणाला.

मला त्याचा राग येत नव्हता, हीच अडचण होती. गेटवर बसलेल्या बायकांची जागा त्याने अडवली होती. पण चैन म्हणून नव्हे. आपल्या गावाबद्दल चार माणसांना बोलला होता आणि त्या शब्दाला एकटा पहारा देत बसला होता.

तेवढ्यात फोनवर हवामानाचा इशारा आला. संध्याकाळच्या सुमारास जोराचा वारा येण्याची शक्यता. फेब्रुवारीच्या शेवटी आमच्याकडे असं होतं. दिवसभर ऊन तापतं, मग अचानक धूळ उठते.

मी खाली वाकून जवळच्या तंबूची खुंटी दोन बोटांनी ओढली. ती सहज वर आली.

हे थोडं समजावून सांगतो. तंबू जमिनीला धरून ठेवतो कोण? लोकांना वाटतं, खुंट्या. खुंट्या धरतात, पण माती धरणारी असेल तर. आमची काळी माती पाणी सुकलं की भेगाळते. भेगेत ठोकलेली खुंटी म्हणजे लोण्यात रोवलेली काडी. तंबूला खरं धरतं ते आतलं वजन. अंथरूण, बॅगा आणि झोपलेला माणूस. रिकामा तंबू पतंगासारखा असतो. खालून वारा शिरला की उचलला जातो आणि त्याच्या लोखंडी काड्या जातील तिथे घुसतात. वाऱ्याच्या दिशेला आमचे जनरेटर होते आणि त्यांच्या अलीकडे लोकांची जेवणाची रांग.

आता मात्र हे माझं काम होतं.

मी केतकी मॅडमना तिथेच बोलावलं आणि ती खुंटी त्यांच्या हातात दिली.

"रिकामे तंबू खाली पाडावे लागतील," मी म्हणालो. "माणूस आत असेल तो राहू द्या."

"वारा नक्की येणार?"

"नक्की नाही."

"मग?"

"नक्की असतं तर मी तंबू नाही, माणसं हलवली असती."

त्यांनी खुंटीकडे पाहिलं, मग सौरभकडे. आवाज खाली आणून मला विचारलं, "खरं सांगा सर. वाऱ्यासाठी की गेटवरच्या बायकांसाठी?"

प्रश्न बरोबर होता. चालता चालता मी स्वतःलाही तोच विचारला होता. नियम हातात असला की माणूस त्याला हव्या त्या दिशेने वापरतो. कारखान्यात मी हे पुष्कळ पाहिलंय. नको असलेल्या कामगाराला हेल्मेटवरून घरी पाठवणारे सुपरवायझर पाहिलेत. हेल्मेटचा नियम खरा असतो, हेतू दुसराच असतो.

"तंबू वाऱ्यासाठी," मी म्हणालो. "जागेचं मी काही बोलत नाही. जागा त्याचीच राहू द्या."

"ठीक. तंबू खाली, दोरी तशीच," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

सौरभ ऐकत होता. तो चिडला नाही. फक्त म्हणाला, "एकट्याने एवढे तंबू? आणि ते आले की परत उभे करायचे?"

"दुसरी माणसं मिळतात का बघतो," मी म्हणालो. पण आमची सगळी माणसं मोठ्या स्टेजच्या गर्दीकडे लागली होती. वॉकीटॉकीवर तीनदा मागणी केली. कुणी आलं नाही. मग मीच बाह्या वर केल्या. गुडघा दुखत होता. पहिला तंबू घडी करताना आम्हा दोघांना कळेना की कोणतं टोक कुठे जातं.

तेवढ्यात शकुंतलाबाई आणि त्यांच्या दोघी-तिघी बायका लेनमधून आल्या. लहान स्टेजवर माइक बघायला निघाल्या होत्या. आमची झटापट बघून त्या थांबल्या. शकुंतलाबाईंनी ढोलकी खाली ठेवली, पदर खोचला आणि तंबूचं दुसरं टोक धरलं.

"असं न्हाई, आधी काड्या काढा," त्या म्हणाल्या.

सगळे तंबू खाली यायला फार वेळ लागला नाही. दोरीच्या आत आता सपाट मोकळं रान होतं आणि कडेला घड्या. मघाशी ते भरलेलं वाटत होतं. आता किती मोठं आहे ते सगळ्यांना दिसलं. सौरभलाही.

शकुंतलाबाईंनी हात झटकले. "कुणाची जागा ही?"

"माझ्या मित्रांची," सौरभ म्हणाला.

"कवा येणार?"

"संध्याकाळपर्यंत."

"मंग तवर आम्ही बसतो. ते आले की उठतो."

सौरभने माझ्याकडे पाहिलं. मी घड्यांवर दगड ठेवत होतो, तेच करत राहिलो. मी 'हो म्हण' म्हटलं असतं तर तो हुकूम झाला असता. माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं.

"नक्की उठाल ना, मावशी?"

"लेकरा, आम्ही उभ्या जन्मात बसल्या जागेवरनं उठतच आलोत," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. साधी माहिती दिल्यासारखं बोलल्या.

सौरभने खाली बसून दोरीची गाठ सोडली.

झाडाखालच्या बायका आल्या. सतरंज्या अंथरल्या. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी बाहेर आली. एकीने सौरभच्या हातात भाकरी देऊनच त्याला विचारलं, की सकाळपासून जेवला का. त्याने तिथेच बसून खाल्लं. नंतर शकुंतलाबाई म्हणाल्या, "तू गाणं ऐकायला आल्तास ना? मंग जा. आम्ही बसलोत की."

तो गेला. पहिल्यांदा मागे वळून वळून बघत, मग सरळ.

संध्याकाळी वारा सुटला. माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी. मोसंबीची पानं सळसळली, कागदी प्लेटा उडाल्या, एक बॅनर फाटला. मुख्य जोर पलीकडून कुठूनतरी निघून गेला. ते रिकामे तंबू त्यात उडाले असते का, हे मला आजही सांगता येणार नाही. केतकी मॅडम प्लेटा उडताना बघत माझ्या शेजारी उभ्या होत्या.

अंधार पडायच्या सुमाराला सौरभ माझ्याकडे आला.

"काका, ते येत नाहीयेत. दोघांचं काम निघालं, म्हणून बाकीचेही थांबले. दुपारीच ठरलं होतं म्हणे. मला कळवायचं राहिलं."

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं. पण आधी हलकं वाटलं," तो म्हणाला. "मग त्याचं वाईट वाटलं."

त्याने घड्यांमधले थोडे तंबू परत उभे केले, बायकांसाठी. या खेपेला आत माणसं होती, त्यामुळे माझी हरकत नव्हती. दुपारी बंद केलेलं गेट पुन्हा उघडलं. जागा नाही म्हणून गेटवरून परत गेलेल्यांपैकी दोन कुटुंबं बदनापूर स्टेशनवरून मागे फिरली. त्यांनाही तिथेच जागा झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिला मंडळाचं गाणं झालं. सामान तसंच सतरंजीवर टाकून सगळ्या बायका गेल्या होत्या. मी शेजारच्या तंबूतल्या माणसाला विचारलं, हे बघतंय कोण? तो दात घासत होता. बोट स्वतःकडे दाखवून त्याने मान हलवली. सौरभ लहान स्टेजच्या पुढ्यात, जमिनीवर मांडी घालून बसला होता.

मेळा संपल्यावर केतकी मॅडमनी मला कॅम्पसाठी नियम लिहून मागितले. पुढच्या वेळी बोर्डावर लावायला. मी पानभर लिहून दिलं. किती वेळ जागा धरता येईल, दोरी चालेल का, रिकाम्या तंबूचं काय. त्यांनी वाचलं आणि सगळ्यावर काट मारून खाली दोनच वाक्यं ठेवली: 'बसलेल्याची जागा. उठायचं तर शेजाऱ्याला सांगून उठा.'

नियम चांगला आहे. मी तो आता सगळीकडे सुचवतो. त्यात अडचण एकच आहे. तो पाळायचा तर शेजाऱ्याशी आधी बोललेलं असावं लागतं, आणि ते बोर्ड लावून होत नाही.