दिलेल्या बागेतली संत्री

माझं माहेर शहरातलं, औरंगपुऱ्यातलं. तिथं संत्रं म्हणजे गाड्यावर घासाघीस करून घ्यायचं, घरी आणून सहा जणांत वाटायचं आणि आपल्याला दोन फोडी कमी आल्या म्हणून भावाशी भांडायचं फळ. त्यामुळं पैठणच्या वाटेवरच्या खेड्यातलं स्थळ आलं, मुलाकडं मोसंबीची बाग आहे आणि विहिरीच्या अंगाला संत्र्यांच्या दोन ओळीही आहेत असं कळलं, तेव्हा मुलाचा फोटो बघायच्या आधीच मी मनातल्या मनात हो म्हणून टाकलं होतं. हे मी ह्यांना लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर सांगितलं. दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

लग्न उन्हाळ्यात झालं. दिवाळी सरली, थंडी पडली, विहिरीकडची झाडं केशरी दिसायला लागली. आणि एक दिवस मामंजी, म्हणजे माझे सासरे, शहरातून एसटीनं आले ते पिशवीत डझनभर संत्री घेऊन. मी बघतच राहिले. दारात बाग, आणि माणूस औरंगपुऱ्यातून संत्री आणतोय! सुनेच्या माहेरची म्हणून कौतुकानं आणली असतील, असं मी समजले. आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, एकेक सगळ्यांच्या हातावर ठेवलं. आंबट ढाण होती.

मी म्हटलं, काय बाई माणसं! ह्यांना उठून झाडापर्यंत जायचा कंटाळा. मग दुपारी सगळे आडवे झाले की मी विहिरीकडं जायची. दोन-तीन संत्री तोडायची, उन्हाला पाठ करून बसायची. उन्हानं कोमट झालेलं संत्रं, सोलताना डोळ्यात उडणारा तो झणझणीत तुषार, बोटांना चिकटलेला वास. गाड्यावरच्या संत्र्यात हे कुठलं यायला! फोडीवरचे पांढरे दोरे काढायचाही मला धीर नसायचा. साली तिथंच टाकायची. पलीकडं मोसंबीत एक रखवालदार खोपटात घोरत असायचा. मला वाटायचं, आपलाच गडी. आठ दिवस हा कार्यक्रम बिनबोभाट चालला.

नवव्या दिवशी शहरातले एक बागवान आले, फळांचे व्यापारी. ओट्यावर मामंजींच्या पुढं त्यांनी रुमाल सोडला. रुमालात माझ्या साली.

"मालक, ये देखो. कोई रोज खा रहा है. आपके घर से तो नहीं?"

मामंजी भडकलेच. "माझ्या घरातलं? बाग तुम्हाला दिलीय. फळ उतरंपर्यंत माझ्या घरातलं लेकरूसुदिक झाडाला शिवत नाय. तसं निघालं तर फुडल्या सालापासून माझ्या बांधावर पाय ठिवू नका!"

"तो फिर मेरा ही आदमी चोर है," बागवान म्हणाले. "आजच काढतो त्याला."

मी दाराआड, हात पिठात. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर मामंजींनी ही बाग आपल्या हातानं लावली, आणि पहिल्या बहारापासून ती दरसाल, फळं झाडावर असतानाच, ठरल्या पैशांत ह्याच बागवानांना जायची. झाडं आमची, त्यावरची फळं त्यांची. कागद नाही, शिक्का नाही, सगळं नुसत्या जबानीवर. घरातल्या कुत्र्यालाही हे ठाऊक होतं. मला पदर कुठवर घ्यायचा ते शिकवलं, भाकरी कशी थापायची ते शिकवलं, पण एवढं सांगायचं कुणाला सुचलं नाही. बरं, ह्यांनी तरी! रोज संध्याकाळी माझ्या हातांचा वास घेऊन "माहेरचा साबण लई झकास आहे" म्हणणारा हा माणूस, शेतकऱ्याचा मुलगा बरं का!

गप्प राहिले असते तर खपून गेलं असतं, पण रखवालदाराची भाकरी गेली असती, आणि मामंजी उभ्या गावात माझ्यापायी खोटं बोलून बसले असते. मी तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आले.

"मामंजी, मी खाल्ली. रोज."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डोईचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. "माझी जबान गेली," ते बागवानांना म्हणाले. "आता तुम्ही म्हनाल तसं." मला तिथंच रडू फुटलं.

बागवानांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा मामंजींकडं. "मालक, दुल्हन को किसी ने बताया था क्या?"

मामंजींनी आत्याबाईंकडं पाहिलं, आत्याबाईंनी ह्यांच्याकडं, आणि ह्यांनी दावणीच्या शेळीकडं.

"नाय," मामंजी म्हणाले.

"तो जबान किसकी गई? अपना घर समझ के खाई बच्ची ने. चाय पिलाओ."

चहा मीच केला. त्यात साखर घालायला विसरले, पण सगळ्यांनी कप रिकामे केले.

पुढच्या वर्षी बाग ठरवताना मामंजींनी पहिल्यांदाच एक अट घातली: विहिरीजवळचं एक संत्र्याचं झाड सोडून. ते सुनेचं. बागवानांनी हसून मान डोलावली. त्या थंडीत मी राजरोस माझ्या झाडाखाली बसायला लागले, आणि ह्यांनाही सांगून ठेवलं, की विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

एका दुपारी मामंजी आले. झाडापासून चार हात लांब उभे राहिले.

"सूनबाई, एक घ्यावं म्हनतो. चालंल का?"

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसले. ते हसले नाहीत, तसेच थांबून राहिले. मग मीच एक तोडून दिलं. उभ्यानंच सोललं त्यांनी, एक फोड तोंडात घातली.

"ह्या झाडाला आळं करून घागरीनं पानी घातलंय म्या," ते म्हणाले. "भर बहारातलं फळ आज पयल्यांदा खातोय."

एवढ्या वर्षांत बाजारातली आंबट संत्री आणून खाल्ली ह्या माणसानं! मी म्हटलं, "मामंजी, असं काय विचारता? झाड तुमचंच आहे. पाहिजे तेवढी घ्या."

"नाय पोरी. दिलं म्हंजे दिलं."

आणि खरंच, झाड लगडलेलं असून त्यांनी दुसऱ्या फळाला हात लावला नाही. दुसरं मी सोलून त्यांच्या हातावर ठेवलं, तेव्हा खाल्लं.