वाळकीला वळसा

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर परबांचं बिऱ्हाड होतं. जयवंत परब एका लहान कारखान्यात फिटर होते. सुट्टीच्या दिवशी सकाळी ते सायकल काढायचे, हँडलला डब्याची पिशवी अडकवायचे आणि जुनी गावं बघायला निघायचे. जुनी म्हणजे जिथे दगडी देऊळ आहे, एखादं तळं आहे, नाहीतर नुसता वीरगळ आहे. लढाईत पडलेल्या माणसाच्या नावाने उभा केलेला कोरीव दगड म्हणजे वीरगळ. असा दगड शेताच्या बांधावर दिसला की जयवंतभावजी उतरायचे, त्यावरची माती हाताने पुसायचे आणि बघत बसायचे. फोटो नाही, लिहून ठेवणं नाही. त्यांची बायको सुगंधा म्हणायची, "माझ्या माहेरची माणसं आली तर दोन शब्द बोलत नाहीत, आणि दगडाशी गप्पा मारतात."

या फिरण्याला एक अट होती. सायकल घेऊन निघाल्यावर नदी ओलांडायची नाही.

अट देवीची होती. जयवंतभावजींचे वडील दत्ताराम गिरणीत होते. गणपतीला गावी गेले असताना ओढ्यावरचा लाकडी साकव पार करताना पुरात सायकलीसकट वाहून गेले. पुढे मुलगा कामाला लागला आणि सायकल घेतो म्हणाला, तेव्हा आई शेवंतीकाकी कोकणात गावी गेल्या आणि ग्रामदेवीला कौल लावला. गुरवाने देवीला दोन बाजूंना पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मुलाने सायकल चालवावी का, याला उजवी पडली. सायकल घेऊन न्हंय, म्हणजे नदी, ओलांडावी का, याला डावी पडली. काकी परत आल्या आणि विषय संपला.

आता मुलुंडहून बाहेर पडायचं तर पाणी ओलांडावंच लागतं. पण कौल न्हंयचा होता, खाडीचा नव्हता. कशेळीचा पूल खाडीवरचा, म्हणून तो चालायचा. पुढे कुठे शंका आली की जयवंतभावजी पुलाखाली उतरून पाणी चाखायचे. खारट असेल तर खाडी, गोडं असेल तर नदी. गोडं लागलं की सायकल वळवायची. आमच्या ह्यांनी एकदा मुद्दाम विचारलं, भरतीला खारट आणि ओहोटीला गोडं लागलं तर काय करणार?

"घरी येणार," जयवंतभावजी म्हणाले.

अशी कितीतरी खोरी त्यांनी एकाच काठाने बघितली. लोनाडची लेणी त्यांना पाठ होती. पण बऱ्याच नद्यांचा दुसरा काठ त्यांना लांबूनच ठाऊक होता.

भिवंडीच्या पुढे पडघ्याच्या अंगाला वाळकी नावाची लहानशी नदी आहे. तिच्या पलीकडे शिळोंडे गाव, आणि गावाबाहेर शंकराचं जुनं देऊळ. अलीकडून त्याचं शिखर दिसायचं, भिंतीवर मूर्तींची रांग आहे एवढंही दिसायचं. पण मूर्ती कोणाच्या ते कळायचं नाही. जयवंतभावजी दर हिवाळ्यात तिथे जायचे, करंजाच्या झाडाखाली डबा खायचे, बघायचे आणि परत यायचे. शहाऐंशी सालच्या जानेवारीत नदीवर बैल धुणाऱ्या एका माणसाने त्यांना सांगितलं, बघायचं तर आता बघून घ्या, शिमगा झाला की हे देऊळ उतरवणार आणि सिमेंटचं नवं बांधणार.

त्या दिवशी डबा तसाच परत आला. सुगंधाने सांगून बघितलं की नदीला गुडघाभर पाणी आहे, सायकल झाडाखाली लावा आणि चालत जा. ते म्हणाले, "देवीला काय सांगू, सायकल झाडाखाली होती म्हणून?" मग ती म्हणाली, एस.टी.ने जा. त्यावर ते म्हणाले, आईला वाटणार सायकलच नेली असेल, आणि मी परत येईपर्यंत ती पाणीसुद्धा पिणार नाही.

शेवटी त्यांनी आईलाच विचारलं, गावी जाऊन परत एकदा कौल लावशील का? काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"परत विचारूचा म्हणजे पयल्यांदा आयकाक नाय," त्या म्हणाल्या. "माका ता जमाचा नाय."

जयवंतभावजींनी पुन्हा तो विषय काढला नाही. पुढच्या सुट्टीला सायकलही काढली नाही. काकींना ते दिसत होतं. रागावलेला मुलगा त्यांना चालला असता, हा गप्प बसलेला झेपत नव्हता.

माघात आमच्या दत्ताच्या देवळात कीर्तन होतं. मी काकींना सोबत घेऊन गेले. बुवांनी नर्मदेच्या परिक्रमेचं आख्यान लावलं होतं. परिक्रमेत नर्मदा कुठेही ओलांडायची नसते, हे ऐकल्यावर काकी सावरून बसल्या. कीर्तन संपलं, आरती झाली, बुक्का लावून घेताना त्यांनी बुवांना विचारलं, मग माणसं पलीकडच्या काठाला जातात कशी? बुवा म्हणाले, आजी, जिथे नदी सुरू होते तिच्या वरून वळसा घालायचा. तिथे नदीच नाही, मग ओलांडणार काय?

काकी भराभर चालत घरी आल्या. दार उघडल्या उघडल्या त्यांनी मुलाला विचारलं, "तुझी ती न्हंय सुरू खंय होता?"

"वर डोंगरात. कातळाखाली झरो असा."

"मगे त्येच्या वरसून वळ. न्हंय उजव्या हाताक ठेव. आणि नारळ घेवन जा."

जयवंतभावजींनी रजा टाकली. नदीकाठाने वर वर गेले. रस्ता संपल्यावर पायवाट, पायवाट संपल्यावर सायकल खांद्यावर. झऱ्याच्या वरून वळसा घालून ते एका ठाकरवाडीत मुक्कामाला राहिले आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या काठाने शिळोंड्यात उतरले. बैलवाला भेटला. तो म्हणाला, समोरून सरळ आला असतात तर पायसुद्धा धड भिजले नसते. जयवंतभावजींनी कौलाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "देवीचा शब्द आहे तर मग बरोबर आहे," आणि पुजाऱ्याला बोलवायला गेला.

परत येतानाही ते झऱ्याच्या वरूनच वळले. देवळाबद्दल जयवंतभावजींनी घरी फार सांगितलं नाही. भिंतीवर इतकी वर्षं जे देव वाटत होते ते देव नव्हते. ढोल वाजवणारी माणसं होती, नाचणाऱ्या बाया होत्या, आणि एक बाई वाकून पायातला काटा काढत होती. ती बाई त्यांनी सुगंधाला दोनदा सांगितली.

काकींनी मात्र मावंदं घातलं. काशीहून आलेल्याचं घालतात तसं, खीर-पुरीचं. परिक्रमा करून आलेल्याच्या पाया पडतात म्हणून बिल्डिंगमधल्या बायका ओळीने आल्या, तर जयवंतभावजी मोरीत जाऊन बसले. सुगंधाने त्यांना बाहेर काढलं. सगळ्यांचं होईपर्यंत ते पाय आखडून उभे होते. पान वाढलं, पण ते जेवेनात.

"आये," ते म्हणाले, "झऱ्याच्या वर एक घळ होती. दगडगोटे होते. तेच्यातसून सायकल नेलंय."

काकींच्या हातात खिरीचं पातेलं होतं.

"पाणी होता?"

"नाय. कोरडी होती."

"पावसात येत आसतला."

"येत आसतला."

काकींनी देव्हाऱ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पळी खिरीत घातली.

"तू गेलंस तेवा नाय होता," त्या म्हणाल्या, आणि वाढायला वाकल्या.

शिमगा झाल्यावर ते देऊळ उतरवलं.